लाईट गेली अन् पोस्टग्रेस उठेना: आडत दुकानातल्या सर्व्हरची देखभाल-दुरुस्ती

दसऱ्यानंतर सोयाबीनची आवक वाढली की लातूर, परभणी, नांदेडच्या मोंढ्यात आडत दुकानातल्या संगणकाला उसंत नसते. काट्यावरचं वजन, सौद्याचा भाव, हमाली-तोलाई वजा जाऊन शेतकऱ्याच्या हाती पडणारी पट्टी, बारदान्याचा हिशोब, सगळं एकाच डेटाबेसात. तो डेटाबेस पोस्टग्रेसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) या सॉफ्टवेअरवर चालत असेल आणि सर्व्हर म्हणजे मुनीमजींच्या टेबलाखालचा साधा पीसी असेल, तर पुढचं सगळं त्यासाठीच आहे. जिनिंग, दालमिल, पतसंस्था, कॉलेजचं ऑफिस, कुठंही हेच लागू पडतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकू. लाईट गेल्यानं पोस्टग्रेस सहसा मरत नाही. तो बंद दिसला की घाबरून जी पुसापुशी होते, तिनं मरतो. म्हणून काय करायचं याच्या जोडीला कशाला हात लावायचा नाही, तेही जागोजागी दिलं आहे.

इथल्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या, अंडरस्कोर आणि हायफन दिसतात तसेच. मोठं (कॅपिटल) अक्षर लागतं तिथं तसं सांगितलं आहे. उदाहरणं उबुंटू २४.०४ आणि त्याच्यासोबत येणाऱ्या पोस्टग्रेस १६ ची आहेत.

आधी लॉग, मग बाकीचं

सॉफ्टवेअर उघडत नाही म्हटलं की बहुतेक जण ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस पोस्टग्रेसक्यूएल’ मारून बघतात आणि तिथं ‘ॲक्टिव्ह (एक्झिटेड)’ दिसलं की चक्रावतात. चालू आहे की बंद? उबुंटू-डेबियनवर ही सेवा नुसती पाटी आहे. खरं काम ‘पोस्टग्रेसक्यूएल@१६-मेन’ ही सेवा करते. स्टेटस तिचं बघा. त्याहून सोपी आज्ञा ‘पीजी_एलएसक्लस्टर्स’. एका ओळीत आवृत्ती, पोर्ट, ऑनलाइन की डाउन, डेटाची जागा आणि लॉगची (पोस्टग्रेसच्या घडामोडींच्या नोंदीची) फाइल, सगळं सांगते. पोर्ट, म्हणजे जोडणीचं दार, नेहमीच्या ५४३२ ऐवजी ५४३३ दिसला तर कधीतरी दुसरी आवृत्ती बसली आहे आणि तुमचं सॉफ्टवेअर भलत्याच दारावर थाप मारतंय.

लॉग ‘/व्हार/लॉग/पोस्टग्रेसक्यूएल/’ मध्ये असतो. शेवटच्या शंभर ओळी ‘टेल -एन १००’ नं वाचा. विंडोजवर तोच लॉग डेटा फोल्डरच्या आत ‘लॉग’ नावाच्या फोल्डरमध्ये सापडतो. विंडोजवाल्यांनी अँटिव्हायरसमधून डेटा फोल्डर वगळून ठेवायचा. नाहीतर तो मधेच फाइल धरून बसतो आणि पोस्टग्रेसला लिहिता येत नाही.

लॉग न वाचता सर्व्हर चार वेळा बंद-चालू करणं हा आपल्याकडचा आवडता उपाय. यानं कारण कळत नाहीच, वर कामाच्या ओळी शोधायला लॉगमध्ये आणखी मागं जावं लागतं.

लाईट गेल्यानंतर

पोस्टग्रेस कुठलाही बदल आधी वॉल (डब्ल्यू-ए-एल) नावाच्या रोजमेळात लिहितो आणि मग सवडीनं मूळ टेबलाच्या फाइलीत उतरवतो. कच्च्या वहीत आधी, खतावणीत नंतर, तसंच हे. ठरावीक वेळानं कच्ची वही खतावणीशी जुळवून घेतली जाते, त्याला चेकपॉइंट म्हणतात. मूळ सेटिंगमध्ये दर ५ मिनिटांनी, किंवा वॉल फार वाढू लागला तर त्याआधी. लाईट अचानक गेली की पुढच्या वेळी उठताना तो शेवटच्या चेकपॉइंटपासूनची वॉल पुन्हा वाचतो आणि राहिलेल्या नोंदी उतरवतो, यालाच रिडू म्हणतात.

लॉगमध्ये हे असं दिसतं: पहिल्यांदा ‘डेटाबेस सिस्टिम वॉज इंटरप्टेड’, मग ‘नॉट प्रॉपर्ली शट डाउन, ऑटोमॅटिक रिकव्हरी इन प्रोग्रेस’, मग ‘रिडू स्टार्ट्स ॲट’, शेवटी ‘रिडू डन ॲट’ आणि ‘डेटाबेस सिस्टिम इज रेडी टु ॲक्सेप्ट कनेक्शन्स’. या दरम्यान सॉफ्टवेअरला ‘द डेटाबेस सिस्टिम इज स्टार्टिंग अप’ असा फेटल एरर येतो. नावात फेटल असलं तरी ते नुसतं ‘थांबा, येतोय’ आहे. छोट्या दुकानाच्या डेटाबेसला काही सेकंद पुरतात. जुनी हार्डडिस्क आणि मोठा डेटा असेल तर काही मिनिटंही लागतात, कारण रिडूच्या आधी तो डेटा फोल्डरमधल्या सगळ्या फाइली डिस्कवर पक्क्या करून घेतो. आवृत्ती १५ पासून लॉगमध्ये दर १० सेकंदांनी ‘रिडू इन प्रोग्रेस’ अशी ओळ पडते, त्यामुळे जीव टांगणीला लागत नाही. ‘पीजी_सीटीएल’नं चालू करत असाल तर ते ६० सेकंद वाट बघून ‘सर्व्हर डिड नॉट स्टार्ट इन टाइम’ म्हणतं. आत काम चालूच असतं. लॉग बघत राहा. याच वेळी कुणीतरी ‘किल -९’ मारतं आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

‘लॉक फाइल पोस्टमास्टर डॉट पिड ऑलरेडी एक्झिस्ट्स’ असं आलं तर ती फाइल पुसण्याआधी ‘पीएस -ईएफ’ मारून पोस्टग्रेसची एखादी प्रक्रिया जिवंत आहे का ते बघा. जुनी, बेवारस फाइल पोस्टग्रेस बहुतेक वेळा स्वतःच ओळखून बाजूला करतो. जिवंत सर्व्हरची फाइल पुसून त्याच डेटावर दुसरा सर्व्हर उभा करणं म्हणजे एकाच खतावणीत दोन मुनीम एकमेकांना न विचारता लिहायला बसवणं.

पोस्टग्रेस उठला, लॉग स्वच्छ आहे, तरी काउंटरवरचे संगणक जोडले जात नाहीत, असंही होतं. लाईटबरोबर राउटरही बंद-चालू झाला आणि सर्व्हरला नवा आयपी (जाळ्यातला पत्ता) मिळाला. सर्व्हरचा आयपी कायमचा बांधून टाका. पोस्टग्रेसच्या ‘लिसन_ॲड्रेसेस’ या सेटिंगमध्ये तोच एक आयपी लिहिला असेल आणि नेटवर्क उठायच्या आधी पोस्टग्रेस उठला तर लॉगमध्ये ‘कुड नॉट बाइंड’ दिसतं. तिथं तारांकन ठेवा आणि कोणाला आत घ्यायचं ते ‘पीजी_एचबीए डॉट कॉन्फ’वर सोडा. त्या फाइलीत वरून खाली वाचताना जी पहिली ओळ जुळते तीच लागू होते, पासवर्ड चुकला म्हणून पुढची ओळ बघितली जात नाही. दुकानाच्या जाळ्यासाठी ‘१९२.१६८.१.०/२४’ आणि ‘स्क्रॅम-शा-२५६’ (पासवर्ड तपासायची पद्धत) अशी एक ओळ पुरते. कुणाच्या सांगण्यावरून तिथं ‘ट्रस्ट’ (पासवर्ड न विचारता आत) लिहिलं असेल तर आजच काढा. राउटरवरून ५४३२ पोर्ट इंटरनेटला उघडा ठेवणं तर नकोच.

लाईट जाण्याचा आणखी एक चोरटा परिणाम आहे. जुन्या पीसीच्या मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला असेल तर मशीन उठताना तारीख मागं जाऊ शकते आणि इंटरनेट मिळेपर्यंत सगळ्या पट्ट्यांवर जुनी तारीख पडते. डेटाबेस बिचारा मशीन सांगेल तीच तारीख धरतो. ‘टाइमडेटसीटीएल’नं सकाळी एकदा बघून घ्यायचं. सेल किरकोळ किमतीत घड्याळवाल्याकडे मिळतो.

इन्व्हर्टर, डिस्क आणि खोटी कबुली

दुकानात इन्व्हर्टर आहे म्हणजे सर्व्हर सुरक्षित आहे असं नाही. बऱ्याच इन्व्हर्टरला मागच्या बाजूला यूपीएस मोडचं बटण असतं. ते साध्या मोडवर असेल तर अदलाबदलीच्या क्षणी पंखा चालू राहतो, पीसी मात्र रिस्टार्ट होतो. बटण तपासा. आणि सर्व्हरपुरता यूएसबी केबलचा छोटा यूपीएस मधे लावा. ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’ हे मुक्त सॉफ्टवेअर त्या केबलवरून बॅटरी किती उरली ते वाचतं आणि ती संपत आली की मशीन रीतसर बंद करतं. साध्या इन्व्हर्टरकडे असं कळवायची सोयच नसते, म्हणून भरवसा केबलवाल्या यूपीएसचा.

खरा धोका डिस्कचा. पोस्टग्रेस कमिटच्या (नोंद पक्की करायच्या) वेळी डिस्कला विचारतो, ‘लिहिलंस का?’ आणि ती ‘हो’ म्हणाली की पुढं जातो. स्वस्त डिस्क कधी कधी नोंद आपल्या कॅशमध्येच (तात्पुरत्या मेमरीत) ठेवून ‘हो’ म्हणते. तपासायला ‘पीजी_टेस्ट_एफसिंक’ हे साधन सोबतच येतं. साधी गोळाबेरीज अशी: ७२०० आरपीएमची हार्डडिस्क सेकंदाला १२० फेरे मारते. तिनं सेकंदाला हजारो एफसिंक (डिस्कवर पक्कं लिहिणं) केल्याचा आकडा दाखवला तर ती खोटं बोलते आहे. तिची राइट कॅश ‘एचडीपार्म -डब्ल्यू ०’ आणि पुढं डिस्कचं नाव, असं बंद करता येते; इथं डब्ल्यू मोठं (कॅपिटल) लागतं. एसएसडी घेताना लाईट गेल्यावर कॅश रिकामी करण्यापुरते कपॅसिटर असलेली घ्या. दुकानदाराला ‘पॉवर लॉस प्रोटेक्शन आहे का’ असं विचारायचं आणि डेटाशीटवर तो शब्द स्वतः वाचायचा.

वेग वाढवण्याच्या युक्त्यांमध्ये ‘एफसिंक ऑफ करा’ हा सल्ला हमखास असतो. लाईट जाणाऱ्या गावात ते करू नका. डेटा असा बिघडतो की बॅकअपशिवाय मार्ग उरत नाही. ‘फुल_पेज_राइट्स’लाही तोच नियम. वेग हवाच असेल तर ‘सिंक्रोनस_कमिट’ ऑफ करा. त्यात लाईट जाण्याआधीच्या अर्ध्या-पाऊण सेकंदातल्या नोंदी जाऊ शकतात, पण डेटाबेस बिघडत नाही. पट्टीसाठी आणि पैशाच्या नोंदीसाठी मात्र तेही नको.

मे महिन्यातल्या उन्हात पत्र्याखाली ठेवलेल्या पीसीची आणि जिनिंगमधल्या रुईच्या तंतूंनी भरलेल्या पंख्यांची वेगळी कथा सांगायला नको. महिन्यातून एकदा ब्लोअर, आणि ‘स्मार्टसीटीएल -ए’ मध्ये रिॲलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टरचे आकडे. ते वाढत असतील तर डिस्क बदला, दिवाळीनंतर बघू म्हणू नका.

‘इनव्हॅलिड पेज’ आलं तर

लॉगमध्ये ‘इनव्हॅलिड पेज इन ब्लॉक’ आणि पुढं ‘बेस/१६३८४/१६३९७’ असं काही दिसलं तर हात थांबवा. सर्व्हर रीतसर बंद करा, सगळा डेटा फोल्डर जसाच्या तसा दुसऱ्या डिस्कवर नकला. ही नक्कल झाल्याशिवाय दुरुस्तीचा एकही प्रयोग नाही. मग सर्व्हर चालू करून, ‘पीएसक्यूएल’ या पोस्टग्रेसच्या आज्ञा-खिडकीतून, १६३८४ क्रमांकाच्या डेटाबेसात ‘सिलेक्ट पीजी_फाइलनोड_रिलेशन(०, १६३९७)’ चालवा. खराब झालेली वस्तू टेबल आहे की इंडेक्स (लवकर शोधायची सूची) ते नावावरून कळतं. इंडेक्स असेल तर नशीब चांगलं: ‘रीइंडेक्स इंडेक्स’ आणि त्याचं नाव, काम झालं. इंडेक्स मूळ टेबलावरून पुन्हा बांधता येतो. टेबल असेल तर कालचा बॅकअप काढायचा आणि आजच्या नोंदी कागदी पट्टीबुकावरून भरायच्या.

‘झिरो_डॅमेज्ड_पेजेस’ आणि ‘पीजी_रीसेटवॉल’ ही दोन नावं इंटरनेटवर शोधताना लगेच सापडतात आणि दोन्हीनं सर्व्हर उठतोही. पहिलं खराब पान कोरं करतं, म्हणजे त्यातल्या नोंदी गेल्या. दुसरं वॉल फेकून देतं. त्यानंतर आतला हिशोब जुळेलच असं कुणी सांगू शकत नाही. नकलेवर आणि बॅकअप मुळीच नसेल तरच ती वापरायची, आणि त्यानंतर सगळा डेटा ‘पीजी_डंप’नं काढून नव्या क्लस्टरमध्ये (नव्या, कोऱ्या डेटा फोल्डरमध्ये) घालायचा.

पान बिघडलेलं वेळीच कळावं म्हणून चेकसम (प्रत्येक पानाचे पडताळणीचे आकडे) चालू ठेवा. आवृत्ती १८ पासून नवा क्लस्टर बनवताना ते आपोआप चालू असतात. आधीच्या आवृत्तीत ‘शो डेटा_चेकसम्स’ नं बघा. ऑफ असतील तर आवृत्ती १२ आणि पुढे, सर्व्हर बंद करून ‘पीजी_चेकसम्स --एनेबल’ नं चालू करता येतात. रविवारी दुकान बंद असताना करायचं काम.

डिस्क भरली

‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. आधी ‘डीएफ -एच’, मग ‘डीएफ -आय’, कारण कधी जागा असते पण आयनोड (फाइलींच्या नोंदीची घरं) संपलेले असतात. त्यानंतर डेटा फोल्डरमध्ये ‘डीयू -एसएच’ मारून कोण फुगलंय ते बघा. बहुतेक वेळा चोर ‘पीजी_वॉल’ फोल्डरमध्ये सापडतो: १६-१६ एमबीच्या शेकडो फाइली.

या फाइली हातानं पुसायच्या नाहीत. आवृत्ती १० च्या आधी या फोल्डरचं नाव ‘पीजी_एक्सलॉग’ होतं. नावात लॉग आहे म्हणजे फालतू नोंदी असतील असं समजून लोक तो रिकामा करत, म्हणूनही ते नाव बदललं. वॉल पुसली की सर्व्हर उठत नाही, आणि मग वरच्या पीजी_रीसेटवॉलच्या खड्ड्यात पडायची वेळ येते.

वॉल का साचते ते शोधा. पहिलं कारण: ‘आर्काइव्ह_कमांड’ अपयशी ठरते आहे. वॉलची नक्कल ज्या यूएसबी डिस्कवर जाते ती कुणीतरी मोबाइल चार्ज करायला काढली. नक्कल झाल्याशिवाय पोस्टग्रेस वॉल सोडत नाही. ‘पीजी_स्टॅट_आर्काइव्हर’मध्ये ‘फेल्ड_काउंट’ आणि शेवटच्या अपयशाची वेळ दिसते. डिस्क परत लावली की तो आपोआप साचलेलं निपटतो. दुसरं कारण: कधीतरी बनवलेला आणि आता कुणी न वापरणारा रेप्लिकेशन स्लॉट (दुसऱ्या सर्व्हरला द्यायची वॉल राखून ठेवणारी खूण). ‘पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्स’मध्ये ‘ॲक्टिव्ह’ खाली ‘एफ’ असेल आणि तो खरंच नको असेल तर ‘पीजी_ड्रॉप_रेप्लिकेशन_स्लॉट’नं काढा. आवृत्ती १३ पासून ‘मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझ’ नं मर्यादा घालता येते. मूळ सेटिंगमध्ये मर्यादा नसते.

डिस्क इतकी भरली की पोस्टग्रेस पॅनिक होऊन बंदच पडला, तर उठायलाही जागा लागते. म्हणून आधीच एक रिकामी फाइल ठेवून द्या: ‘फॅलोकेट -एल १जी’ आणि पुढं फाइलचं नाव, डेटा असलेल्याच डिस्कवर. अडचणीच्या दिवशी ती पुसायची, तेवढ्या जागेत सर्व्हर उठतो आणि तुम्हाला विचार करायला वेळ मिळतो. तिचं नाव असं ठेवा की दुसऱ्या कुणी कचरा समजून आधीच पुसणार नाही. दरम्यान जुने सिस्टिम लॉग, विसरलेले डंप, कुणी उतरवलेले सिनेमे दुसरीकडे हलवा. दुकानाच्या सर्व्हरवर हे तिसरं असतंच.

टेबलच फुगलं असेल तर लक्षात ठेवा, ‘डिलीट’नं डिस्कवर जागा परत मिळत नाही. मेलेल्या ओळी तिथंच राहतात, व्हॅक्यूम त्या जागा पुढच्या नोंदींसाठी मोकळ्या करतो, पण फाइल सहसा लहान होत नाही. ‘व्हॅक्यूम फुल’ ती लहान करतो, पण त्यासाठी टेबलाची नवी नक्कल बनते आणि काम होईपर्यंत टेबलाला पूर्ण कुलूप लागतं. म्हणजे डिस्क भरलेली असताना आणि बाजार चालू असताना, दोन्ही वेळी तो चालवायचा नाही. ऑटोव्हॅक्यूम बंद करून ठेवला असेल तर चालू करा. सुमारे २० टक्के ओळी बदलल्या की तो स्वतः हालतो. रोज लाखो बदल होणाऱ्या टेबलासाठी ‘ऑटोव्हॅक्यूम_व्हॅक्यूम_स्केल_फॅक्टर’ त्या टेबलापुरता ०.०५ केला तर बरं.

सगळे अडकले, लॉग मात्र शांत

सकाळी अकराची वेळ. एका काउंटरवर मुनीमजींनी कऱ्हाळेंची पट्टी दुरुस्तीला उघडली, वजन बदललं आणि सेव्ह न करता चहाला गेले. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यानं स्क्रीन उघडताच ट्रान्झॅक्शन (सेव्ह होईपर्यंत उघडा राहणारा व्यवहार) सुरू केलं आहे आणि बदलाबरोबर ओळीला कुलूप लागलंय. दुसऱ्या काउंटरवर त्याच शेतकऱ्याचं येणं-देणं टाकायला गेलं की वाळूचं घड्याळ फिरत राहतं. लॉगमध्ये एररची एकही ओळ नाही, सीपीयू निवांत. सगळं थंड आणि कामं ठप्प, हीच कुलपाची खूण.

‘पीएसक्यूएल’मध्ये जाऊन ‘पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी’मधून ‘पिड’ (प्रक्रियेचा क्रमांक), ‘स्टेट’, ‘एक्सॲक्ट_स्टार्ट’, ‘क्वेरी’ आणि ‘पीजी_ब्लॉकिंग_पिड्स(पिड)’ एवढे रकाने काढा. शेवटच्या रकान्यात ज्याचा क्रमांक वारंवार येतो तोच अडवणारा. त्याच्या ‘स्टेट’मध्ये ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ दिसेल आणि ‘एक्सॲक्ट_स्टार्ट’वरून तो किती वेळ चहाला गेलाय तेही कळेल. ‘क्लायंट_ॲड्र’ रकाना घेतला तर कोणता काउंटर ते सापडतं. आधी तिथं जाऊन सेव्ह करायला सांगणं सगळ्यात सोपं.

माणूस सापडत नसेल तर ‘पीजी_टर्मिनेट_बॅकएंड’ आणि कंसात पिड. ‘पीजी_कॅन्सल_बॅकएंड’ इथं चालत नाही. तो चालू क्वेरी थांबवतो आणि इथं क्वेरी चालूच नाही, नुसतं ट्रान्झॅक्शन उघडं आहे. लिनक्सवरून ‘किल -९’ तर कधीच नको. एका प्रक्रियेला तसं मारलं की पोस्टग्रेस सगळ्यांची जोडणी तोडून रिकव्हरी सुरू करतो, एका काउंटरसाठी पाचही काउंटर पडतात.

पुन्हा होऊ नये म्हणून ‘आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट’ ५ मिनिटांवर ठेवा: ‘ऑल्टर सिस्टिम सेट’नं लिहून ‘सिलेक्ट पीजी_रीलोड_कॉन्फ()’. रिस्टार्टची गरज नाही. खरा उपाय सॉफ्टवेअरवाल्याकडे आहे, स्क्रीनवर माणूस विचार करत असताना ट्रान्झॅक्शन उघडं ठेवायचंच नसतं. आणि कुणाला बाजाराच्या वेळी टेबलात नवा रकाना घालायची हुक्की आली तर आधी ‘सेट लॉक_टाइमआउट’ ५ सेकंद करायला लावा. ‘ऑल्टर टेबल’ एका अडकलेल्या ट्रान्झॅक्शनमागं रांगेत उभा राहिला की त्याच्यामागं साधं वाचणारेही रांगेत लागतात.

‘सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी’ हा त्याचाच भाऊ. मूळ मर्यादा १०० जोडण्यांची. ती हजार करणं हा उपाय नाही, कारण दर जोडणीमागं एक वेगळी प्रक्रिया उभी राहते आणि मेमरी खाते. जोडण्या सोडत नसलेलं सॉफ्टवेअर शोधा, आणि मोबाइल ॲपमुळे खरंच शेकडो जोडण्या लागत असतील तर मधे ‘पीजीबाउन्सर’ (मोजक्या जोडण्या सगळ्यांत वाटून देणारं साधन) बसवा. त्याचा पोर्ट ६४३२.

लॉगमध्ये ‘टर्मिनेटेड बाय सिग्नल ९: किल्ड’ दिसलं आणि तुम्ही कुणाला मारलेलं नाही, तर मेमरी संपल्यावर लिनक्सनं स्वतः गेम केलाय. ८ जीबीच्या मशीनवर ‘शेअर्ड_बफर्स’ २ जीबी, ‘वर्क_मेम’ ८ ते १६ एमबी ठेवा. ‘वर्क_मेम’ एकूण नसतो. प्रत्येक जोडणीतल्या प्रत्येक सॉर्टला तेवढा मिळू शकतो. तिथं २५६ एमबी लिहून ठेवलेली मशीन दिवाळीतच पडतात.

संथपणासाठी ‘लॉग_मिन_ड्युरेशन_स्टेटमेंट’ ५०० मिलिसेकंद ठेवून दोन दिवस लॉग जमवा, मग सापडलेल्या क्वेरीवर ‘एक्सप्लेन (ॲनालाइझ, बफर्स)’. ही आज्ञा क्वेरी खरोखर चालवते, त्यामुळे अपडेट-डिलीट असेल तर ‘बिगिन’ आणि ‘रोलबॅक’च्या मधेच. चालू दुकानात इंडेक्स बनवताना ‘कन्करंटली’ हा शब्द घाला.

नाव आहे, पण सापडत नाही

कऱ्हाळे टाइप केलं तर शेतकरी सापडत नाही, यादीत मात्र डोळ्यांना दिसतो. हा बिघाड मराठीत राबणाऱ्यांना माहीत. चंद्रकोरीसारखा र दोन प्रकारे साठतो: एका कीबोर्डवर नुक्त्याचा ऱ आणि हलंत, दुसऱ्यावर साधा र, हलंत आणि २००डी क्रमांकाचं अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे, डेटाबेसला वेगळे. आवृत्ती १३ पासून असलेलं ‘नॉर्मलाइझ’ फंक्शन र अधिक नुक्ता जोडून ऱ करतं, पण अदृश्य जोडचिन्ह काढत नाही. म्हणून नोंद करतानाच ‘रिप्लेस’ वापरून दुसरा प्रकार पहिल्यात बदलणारा ट्रिगर लावा आणि शोधायच्या शब्दावरही तोच बदल करा. ‘ॲ’ आणि अ वर चंद्र देऊन केलेला ‘अ‍ॅ’ यांचंही तसंच. नॉर्मलाइझ त्यांना एक मानत नाही.

यादी मराठी क्रमानं हवी असेल तर ‘ऑर्डर बाय नाव कोलेट’ आणि पुढं दुहेरी अवतरणात ‘एमआर-एक्स-आयसीयू’. एक जुनं संकट इथंच सांगण्यासारखं: लिनक्सच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत, २०१८ साली, अक्षरांचा क्रम मोठ्या प्रमाणात बदलला. डेटा फोल्डर तसाच ठेवून जुनं उबुंटू १८.०४ नव्यावर नेलं असेल तर मजकुरावरचे इंडेक्स जुन्या क्रमानं लावलेले राहतात, आणि असलेली नोंद नाही म्हणून सांगतात. सगळ्या डेटाबेसांवर ‘रीइंडेक्स डेटाबेस’ चालवून घ्या.

बॅकअप

चालू सर्व्हरचा डेटा फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करणं हा बॅकअप नाही. कॉपी होताना आतल्या फाइली बदलत असतात. ‘पीजी_डंप -एफसी’ वापरा, त्यात एफ मोठं (कॅपिटल), सी लहान. तो एका क्षणाचं जुळलेलं चित्र काढतो आणि त्यामुळे काउंटरची नोंदणी थांबत नाही. यूजर आणि पासवर्ड त्यात येत नाहीत, त्यासाठी ‘पीजी_डंपऑल --ग्लोबल्स-ओन्ली’ वेगळा.

बहुतेक जण क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सोयीत) रात्री दोनची वेळ टाकतात आणि दुकान रात्री आठला मेन स्विच पाडून बंद होतं. असा बॅकअप कित्येक महिने निघालेलाच नसतो. दुपारी दोनची वेळ ठेवा, किंवा सिस्टिमडी टायमरमध्ये ‘पर्सिस्टंट=ट्रू’ (सुरुवातीचं पी मोठं) लिहा, म्हणजे चुकलेली पाळी मशीन उठल्यावर होते. स्क्रिप्टमध्ये पासवर्ड नको, ‘.पीजीपास’ फाइलीत ठेवा आणि तिची परवानगी ०६०० करा; सैल असेल तर पोस्टग्रेस ती वाचतच नाही. फाइलच्या नावात तारीख, सात दिवसांच्या प्रती, आणि त्यातली एक दुकानाबाहेर, घरी किंवा क्लाउडवर. दुकान जळालं तर शेजारच्या कपाटातला पेन ड्राइव्हही जळतो.

दर महिन्याला अमावस्येला मोंढा बंद असतो तेव्हा बॅकअप उघडून बघा. ‘क्रिएटडीबी चाचणी’सारख्या नावानं रिकामा डेटाबेस बनवायचा, ‘पीजी_रीस्टोअर -डी’ नं त्यात ओतायचं, मग ‘ॲनालाइझ’. बॅकअप ज्या दिवसाचा आहे त्या दिवशीच्या पट्ट्यांची संख्या आणि रकमेची बेरीज ‘काउंट’ आणि ‘सम’नं काढा आणि त्या दिवसाच्या कागदी रोजमेळाशी ताडा. बॅकअप दुपारी दोनचा असेल तर दोननंतरच्या पट्ट्या त्यात नसणारच, तेवढ्या वजा करा. तरीही फरक आला तर डंपच्या वेळचा लॉग काढा, तिथं बहुधा ‘परमिशन डिनाइड’ किंवा ‘सर्व्हर व्हर्जन मिसमॅच’ लिहिलेलं असतं. दुसरं आलं तर जुन्या आवृत्तीचा पीजी_डंप नव्या सर्व्हरवर चालवला जातोय; स्क्रिप्टमध्ये ‘/यूएसआर/लिब/पोस्टग्रेसक्यूएल/१६/बिन/’ असा पूर्ण मार्ग लिहा, पुन्हा डंप काढा आणि चाचणीचा डेटाबेस ‘ड्रॉपडीबी’ करून तीच ओतणी परत करा.